कुलूप लावून निघालात, पुढे काय? पळसदरीतलं बंद घर कसं राखायचं

(भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फॅमिली ग्रुपवर दर मे महिन्यात निघतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आईबाबांनी, नाहीतर काका-आत्या सगळ्यांनी मिळून, कर्जतच्या पुढे चार-पाच गुंठे जागा घेतली. वर छोटं घर बांधलं. कुणी त्याला फार्महाऊस म्हणतं, कुणी कॉटेज, कुणी नुसतंच ‘पळसदरीचं घर’. सुरुवातीला दर शनिवार-रविवार जाणं व्हायचं. आता आईबाबांचे गुडघे दुखतात, तुमची शनिवारीही मीटिंग असते, आणि घर वर्षातले तीनशे दिवस बंद असतं. आता ते बघायची जबाबदारी हळूहळू तुमच्याकडे आलीये, कारण ‘मोबाइलवर कॅमेरा तुलाच बघता येतो ना!’

तर आज बोलूया बंद घराच्या राखणीबद्दल. उदाहरण पळसदरीचं घेतोय, पण नेरळ, खोपोली, चौक, पाली, मुरुड, कुठेही घर असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील.

आधी सांगून टाकतो, या सगळ्याचं सार काय आहे ते. बंद घराचं सगळ्यात मोठं नुकसान चोर करत नाही, पाणी करतं. आणि ते नुकसान कुलूप किंवा कॅमेरा थांबवत नाही. जवळ राहणारा, नियमित चक्कर मारणारा माणूस थांबवतो. म्हणून घर राखायचं असेल, तर त्या राखणाऱ्या माणसाचं आपण काय करतो, हा यातला खरा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येतो.

पळसदरीच का?

कर्जत स्टेशन सोडलं की पुढे रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक खोपोलीला जातो, दुसरा बोरघाट चढून लोणावळ्याला. त्या फाट्याजवळचं स्टेशन म्हणजे पळसदरी. एका बाजूला सह्याद्रीची भिंत, मध्ये भातशेती, धरणाचं पाणी, आजूबाजूला वाड्या. मुंबईहून लोकलनं जाता येतं, म्हणूनच इथे घरं झाली.

पण हीच जागा घाटाच्या पायथ्याशी आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग डोंगराला अडतात आणि इथेच रिकामे होतात. कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त पाऊस पडतो. आणि तो वर्षभर नाही, जेमतेम चार महिन्यांत.

हा आकडा आपल्या घराला लावून बघा. समजा, छप्पर हजार चौरस फुटांचं आहे, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला ‘एक्स्ट्रीमली हेवी’, म्हणजे अत्यंत मुसळधार म्हणतं. आपण गोल आकडा धरू, २०० मिलिमीटर. तेवढ्या पावसात त्या एका छपरावर साडेअठरा हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर, एका दिवसात, तुमच्या डोक्यावर. आता पन्हळीत सागाचं एक मोठं पान अडकलंय, असं समजा. ते पाणी कुठे जाईल?

२०२०चा धडा

बंद घर म्हणजे काय असतं, हे अख्ख्या रायगडनं एकदा पाहिलंय. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला. लोकल बंद झाल्या. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागायला लागला, आणि तो नियम सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत होता. म्हणजे मुंबई-ठाण्याच्या माणसांची रायगडमधली घरं ऐन मे महिन्यात, पावसाळ्याच्या तयारीच्या वेळेलाच, बंद राहिली.

आणि ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. रायगड ओलांडून पुण्या-नाशिककडे सरकलं. जिल्ह्यात पत्रे उडाले, कौलं फुटली, झाडं आणि विजेचे खांब पडले. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. त्याच्या मागोमाग मोसमी पाऊस आला.

आता विचार करा. वीज नाही, म्हणजे वायफाय नाही. वायफाय नाही, म्हणजे कॅमेरा आंधळा. मालकाला यायला परवानगी नाही. अशा वेळी फुटलेल्या कौलावर ताडपत्री कोण टाकणार? ज्या घराला शेजार होता, वाडीतला कुणी रोजचा माणूस होता, तिथे दुसऱ्या दिवशी ताडपत्री टाकता येत होती. जिथे फक्त कुलूप होतं, तिथे एका फुटक्या कौलातून तीन महिने पाणी आत येऊ शकत होतं.

आणि यासाठी महामारीच लागते असं नाही. २७ जुलै २०१९ आठवतंय? उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. मुंबईहून पळसदरीला जाताना वांगणी आधी लागतं. म्हणजे ज्या दिवशी घराला तुमची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवशी तुम्ही तिथे पोचू शकत नाही. राखणीची सगळी योजना ही गोष्ट धरूनच करायची.

आगोट: पावसाआधीची कामं

रायगडात पावसाळ्याच्या आधी घराची बेगमी करतात, तिला आगोट म्हणतात. धान्य, सुकी मासळी, मसाले, पापड, सरपण हे सगळं भरून ठेवायचं. त्याच दिवसांत घरही पावसाला तयार करायचं. बंद घराची आगोट मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकली पाहिजे. जूनमध्ये माणूस मिळत नाही, कारण जो तो आपल्या शेतात असतो.

छप्पर. कौलारू असेल तर कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची. आढ्यावरची कौलं नीट बसलीत का ते बघायचं, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. माकडांचा वावर असेल तर दहा-वीस जादा कौलं घरात ठेवा, ऐन पावसात तेच माप मिळेल याची खात्री नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर प्रत्येक स्क्रूचा रबरी वॉशर बघा. उन्हानं तो कडक होऊन तडकतो आणि पाणी स्क्रूच्या भोकातून आत येतं. स्लॅब असेल तर गच्चीच्या पाइपचं तोंड साफ करून त्यावर जाळी बसवा.

पन्हळ आणि झाडं. घरावर आलेल्या फांद्या मेमध्येच छाटा. मेच्या शेवटी एकदा पन्हळ साफ केली म्हणजे झालं, असं नाही. जुलैमध्ये परत करायला लागते.

झड. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस म्हणजे झड. आपल्याकडे तो मुख्यतः नैऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. जुन्या घरांना त्या बाजूला झावळ्यांचे झाप लावायचे. आज ताडपत्री लावतात. फक्त एक करा, ताडपत्री भिंतीला चिकटवू नका. बांबूच्या चौकटीवर वीतभर अंतर सोडून बांधा. हवा खेळली नाही तर ताडपत्रीच्या आत भिंत ओलीच राहते आणि पावसाइतकंच नुकसान होतं.

जमिनीवरचं पाणी. घराच्या वरच्या अंगाला, म्हणजे डोंगराच्या बाजूला, चर मोकळा हवा. डोंगरावरून येणारं पाणी जोत्याला न लागता बाजूनं निघून गेलं पाहिजे. कंपाउंडची भिंत बांधलीत, तर तिला खाली पाणी जायला भोकं ठेवलीत ना, तेवढं बघा. नाहीतर ती भिंत बंधाऱ्यासारखी पाणी अडवते आणि एक दिवस आडवी होते.

ओल: आतून खाणारी

छप्पर पक्कं आहे, एक थेंबही आत येत नाही, तरी सप्टेंबरमध्ये दार उघडल्यावर कुबट वास येतो आणि सोफ्यावर हिरवट बुरशी असते. का? कारण हवेतच पाणी आहे, आणि बंद खोलीत हवा हलत नाही. बुरशीला एवढं पुरतं.

उपाय साधे आहेत. गाद्या जमिनीवर आडव्या ठेवू नका, उभ्या करा आणि भिंतीपासून लांब ठेवा. कपाटांची दारं किलकिली ठेवा. फ्रिज बंद करून, कोरडा पुसून, त्याचं दार फटीत लाकडाचा तुकडा घालून उघडं ठेवा. पांघरुणं मेच्या उन्हात दोन दिवस वाळवा, मग कडुनिंबाचा सुकवलेला पाला घालून प्लास्टिकच्या पेटीत घट्ट बंद करा. खोलीत वरच्या बाजूला समोरासमोर दोन झरोके असले, त्यांना बारीक जाळी असली, तर निम्मं काम झालं.

उरलेलं काम माणसाचं. पावसाला उघडीप मिळाली की कुणीतरी दोन तास खिडक्या उघडायच्या, आणि आठवणीनं बंद करायच्या. हे कुठलंही ॲप करत नाही.

ओल असली की वाळवीही येते. भिंतीवर मातीची बारीक नळी वर चढताना दिसली की समजा ती आत शिरली. नुसती नळी झाडून टाकू नका. फोटो काढा, नळी कुठून निघते ते बघा आणि औषध फवारणी करणाऱ्याला दाखवा. लाकूड पोकळ झाल्यावर उपाय उरत नाही.

आणि साठलेलं पाणी. टाकीचं झाकण घट्ट हवं. बादल्या, कुंड्यांच्या ताटल्या, जुने टायर पालथे करून ठेवा. डेंग्यूचा डास साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्यातून उडायच्या अवस्थेला येतो. तुमचं घर बंद असतं, पण शेजारची वाडी भरलेली असते. आपल्या बादलीतला डास त्यांच्या पोराला चावतो.

उन्हाळ्यात उलटं होतं. संडास आणि मोरीच्या पाइपात वासासाठी जे पाणी अडवून ठेवलेलं असतं, ते वाळून जातं. मग दुर्गंधी येते, झुरळं येतात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल ओता. तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा वाळतं.

वीज: काय चालू, काय बंद

निघताना मेन स्विच बंद करावा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मग कॅमेरा कसा चालणार? त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडून कॅमेरा आणि बाहेरच्या एका दिव्यासाठी वेगळा एमसीबी काढून घ्या. बाकी सगळं बंद, तेवढंच चालू.

गळती झाली की आपोआप बंद होणारा आरसीसीबी बसवलेला नसेल, तर या वर्षी तो पहिला खर्च करा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. ओल्या भिंतीत करंट उतरलेला असू शकतो, आणि ती भिंत सगळ्यात आधी कोण हात लावून बघणार? घर बघायला आलेला माणूस.

टीव्ही, राउटर, पंप यांचे प्लग काढून ठेवा. मे-जूनच्या वळवात आणि परतीच्या पावसात इथे विजा भरपूर पडतात. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. ते तुमच्या फोनमध्ये असू दे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे राहणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये असू दे.

इन्व्हर्टरची बॅटरी महिनोन्‌महिने पडून राहिली की खराब होते. पूर्ण चार्ज करून, डिस्टिल्ड वॉटर बघून, तिची जोडणी काढा आणि महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करून घ्या.

आणि बिल भरा! एक युनिट वापरलं नाही तरी स्थिर आकार येतोच. थकलं तर १५ दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते. ती नोटीस पळसदरीच्या बंद दाराला लागते आणि तुम्ही असता डोंबिवलीत. महावितरणच्या ॲपमध्ये आपला ग्राहक क्रमांक जोडून ठेवा, मोबाइल नंबरही स्वतःचा द्या. वीजपुरवठ्याच्या तक्रारीला १९१२ हा नंबर आहे.

बिनभाड्याचे भाडेकरू

बंद घर म्हणजे कोरडी, शांत जागा. बाहेर पाणी भरलं की बिळातले सगळे तिकडेच येतात. उंदीर आले की त्यांच्या मागे साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार विषारी सापांची नावं तुम्ही ऐकली असतील. फुरसं तर कोकणातल्या खडकाळ माळावरचं नेहमीचं.

दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा. सांडपाण्याच्या पाइपाच्या तोंडाला जाळी बसवा. सरपण, विटा, फुटकी कौलं यांचा ढीग भिंतीला लागून ठेवू नका. घरात धान्याचा एक दाणा ठेवू नका.

बऱ्याच दिवसांनी घर उघडाल तेव्हा सगळी दारं-खिडक्या उघडा आणि दहा मिनिटं बाहेर थांबा. गादी, बूट, पायपुसणं काठीनं झटकल्याशिवाय हात घालू नका. हे विंचवासाठीही आहे. कोकणातला लाल विंचू गमतीचा प्राणी नाही, त्याचा दंश हृदयावर जातो. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी वर्षानुवर्षं या रुग्णांवर काम केलं आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं. त्यानं असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुद्दा काय, उपचार आहे, पण वेळेत पोचलात तर. साप असो वा विंचू, चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, १०८ ला फोन करा, सरकारी रुग्णालय गाठा. साप दिसला तर मारू नका, सर्पमित्राला बोलवा. त्याचा नंबर आत्ताच विचारून ठेवा, साप दिसल्यावर शोधू नका.

उन्हाळ्यातली आग

पाऊस संपला की धोका संपला, असं वाटतं. पण जानेवारीपासून गवत वाळतं आणि डोंगरावर वणवे दिसायला लागतात. शिवाय पावसाआधी शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. ती त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची शेतीची रीत आहे, पण वारा फिरला तर ठिणगी आपल्या वाळक्या गवतापर्यंत येऊ शकते.

जंगल खातं वणवा अडवायला जाळरेषा काढतं, म्हणजे गवत काढून मोकळा केलेला पट्टा. तशीच एक पट्टी घराभोवती ठेवा. दिवाळीनंतर गवत कापा, भिंतीपासून चार-पाच मीटर जमीन झाडून साफ ठेवा. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवलंत तर मेहनत वाया गेली, ते शेजारच्या गुरांना द्या. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा.

आणि आता चोर

बंद घरात नेण्यासारखं काय असतं? पंप, इन्व्हर्टरची बॅटरी, गॅस सिलिंडर, तांब्याची वायर, पितळेचे नळ. त्यामुळे पहिला उपाय म्हणजे महागाचं काही ठेवूच नका. जे ठेवायलाच लागतं, त्याचे फोटो आणि बिलं फोनवर ठेवा.

कॅमेरा लावताना स्वतःला एकच प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता अलर्ट आला, तर तिथे दहा मिनिटांत कोण जाणार? याचं उत्तर नसेल, तर कॅमेरा फक्त चोरीचा व्हिडिओ देईल. सिमकार्डवर आणि सोलरवर चालणारा कॅमेरा वीज गेली तरी चालतो, हे खरं. पण जुलैत आठ-आठ दिवस ऊन नसतं आणि मोबाइल टॉवरलाही वीजच लागते, हे लक्षात ठेवा.

इन्स्टावर ‘आता थेट दिवाळीला येणार, बाय बाय पळसदरी’ अशी लोकेशनसकट स्टोरी टाकू नका. शेजाऱ्याला सांगा, जगाला नको.

चोरी झालीच, तर तातडीला ११२. तक्रार नोंदवायला लगेच तिथे पोचता येत नसेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. म्हणजे ठाण्याच्या चौकीतूनही सुरुवात होऊ शकते.

विम्याबद्दल एक सूचना. घराच्या विम्यात साधारणतः वादळ, पूर, भूस्खलन येतं. पण आगीच्या विम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत, इमारत सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामी राहिली तर संरक्षण थांबेल, अशी अट असायची. आपलं तर वर्षभर रिकामं! म्हणून विमा घेताना ‘हे सुट्टीचं घर आहे, बहुतेक काळ बंद असतं’ हे लेखी सांगा आणि उत्तरही लेखी घ्या.

राखणदार

आता मूळ मुद्दा. तुमच्या लक्षात आलं असेल, वरच्या प्रत्येक कामात शेवटी एक माणूस येतो. खिडकी उघडणारा, पन्हळ साफ करणारा, ताडपत्री टाकणारा.

कर्जत-खालापूरमध्ये हा माणूस बऱ्याचदा जवळच्या ठाकरवाडीतला किंवा कातकरवाडीतला असतो. आपण त्याला केअरटेकर म्हणतो, वॉचमन म्हणतो. पण ठरतं कसं? ‘दादा, जरा लक्ष ठेवा हां, आलो की देतो काहीतरी.’ हा व्यवहार नाही. महिन्याला ठरलेले पैसे, ठरलेल्या तारखेला, आपण येवो न येवो, हा व्यवहार. तुम्ही सबस्क्रिप्शनचं ऑटो-पे लावता ना, तसंच.

यात त्यांचं काय पणाला लागलेलं असतं, ते समजून घ्या. इथली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. गावात बारा महिने कमाई नसते म्हणून जातात, पोरांची शाळाही सुटते. तुम्ही फक्त पावसाळ्यापुरते पैसे दिलेत, तर वणव्याच्या मोसमात घराकडे बघायला कुणी नसणार, आणि त्यात चूक त्यांची नाही. दोन-तीन घरमालकांनी मिळून एका कुटुंबाला बारा महिन्यांचा पगार ठरवला, तर घरंही राखली जातात आणि ते कुटुंबही गावात राहू शकतं. एकट्याला जड जातो तो खर्च तिघांना जड नाही.

एका कागदावर सोप्या मराठीत पाच गोष्टी लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.

१. किती दिवसांनी चक्कर, आणि त्यात काय बघायचं.
२. महिन्याचे पैसे किती, कुठल्या तारखेला.
३. न विचारता किती खर्च करायची मुभा. फुटलेलं कौल बदलायला तुमच्या फोनची वाट बघायला लागू नये.
४. कुणाकुणाला फोन करायचा. एक नंबर लागला नाही तर दुसरा.
५. काय करायचं नाही. ओल्या छपरावर चढायचं नाही. पाणी भरलेल्या घरात मेन स्विचला हात लावायचा नाही. चोराशी झटापट करायची नाही.

पाचवा मुद्दा सगळ्यात मोठ्यानं वाचा. आपण सांगितलं नाही, तर ‘साहेबांचा पंप भिजेल’ म्हणून माणूस पाण्यात उतरतो.

ते आवारातच राहत असतील तर त्यांची खोली बघा. आपल्या घराला आरसीसीबी आणि त्यांच्या पत्र्याच्या खोलीत लोंबकळणारी उघडी वायर, हे चित्र बदलायला फार खर्च येत नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण आहे, बँक खातं असलेल्या १८ ते ७० वर्षांच्या कुणालाही घेता येते. तिचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे बरोबर आगोटीच्या वेळेला. त्यांच्या खात्याला ती जोडलेली आहे का, ते बँकेत एकदा सोबत जाऊन बघा. हा विमा पगाराच्या जागी नाही, पगारासोबत.

तळकोकणात आणि गोव्यात राखणदार म्हणतात तो देव असतो, गावाची शीव राखणारा. त्याचा मान आधी द्यायचा, मग मागणं मागायचं. माणसाच्या बाबतीतही हा क्रम बरोबर आहे.

रेड अलर्टच्या दिवशी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर समाजाची वाडी होती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. वर जायला रस्ता नव्हता, मदतीला गेलेले लोक पावसात, अंधारात पायी चढले.

आपल्या घरांची राखण करणारी माणसं अशाच वाड्यांमध्ये राहतात. म्हणून हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की तुमचा पहिला फोन कसा असावा, ते सांगतो.

‘दादा, तुम्ही सगळे बरे आहात ना? वाडीवर काही धोका? डोंगराला भेग, झाडं वाकलेली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ, असं काही दिसलं तर पोरांना घेऊन आमच्या घरात या. किल्ली तुमच्याकडेच आहे. ते सुरक्षित वाटलं नाही तर शाळेत जा. आमच्या घराकडे बघायला आज बाहेर पडू नका.’

हे वाक्य बोलण्याआधी एक गोष्ट तपासा, आपलं घर स्वतः उताराच्या तोंडाशी किंवा ओढ्याच्या काठी तर नाही ना. असेल, तर थेट शाळा किंवा ग्रामपंचायत सांगेल ती जागा. पण घर सुरक्षित जागी असेल, पक्कं असेल आणि रिकामं असेल, तर त्या रात्री त्याचा याहून चांगला उपयोग कुठला?

पाऊस ओसरल्यावर, उजेडात, घराकडे चक्कर. आधी बाहेरून. मग फोटो. मग तुम्ही ठरवा काय करायचं ते.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी

सगळं एकदम होणार नाही, मला माहितीये. म्हणून तीनच सांगतो. एक, घराचे बाहेरून-आतून पन्नास फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी भेग नवी की जुनी ते कळेल. दोन, आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. आपल्या घरात आणि राखणदाराच्या खोलीतही. तीन, आज संध्याकाळी तिथल्या दादांना किंवा ताईंना फोन करा. काम सांगायला नको, नुसतं कसे आहात विचारायला. आणि मग पगाराची तारीख ठरवा.

हा भाग फॅमिली ग्रुपवर पाठवा, खासकरून त्या काकांना, जे म्हणतात ‘कॅमेरा आहे ना, मग झालं!’

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि पावसाआधी पन्हळ साफ करून घ्या.